मासेरेकाचे दोन थोरले

डोंगरातल्या क्यारुंब्याच्या बाजाराला मासेरेका जायचा तो काही कॉफी घ्यायला नव्हे, आणि कसावाचं पीठ घ्यायला तर मुळीच नव्हे. तो जायचा माणसांचे कान बघायला. बाजारात शिरला की भाजीवाल्यांच्या रांगेपासून न्हाव्याच्या खुर्चीपर्यंत दिसेल त्या पुरुषाच्या कानाकडे टक लावून बघत हिंडायचा. त्याच्या स्वतःच्या डाव्या कानाची पाळी गालाला चिकटलेली, उजवी मोकळी. असले कान ज्याचे असतील तो आपला, असं त्याने मनाशी धरून ठेवलं होतं. एकदा एका खाटकाने सुरी खाली ठेवून विचारलं, "काय रे, कान विकत घ्यायचाय का? बकऱ्याचा देतो, ताजा!" आजूबाजूचे खो खो हसले. मासेरेकाही हसला, आणि हसता हसता त्याने खाटकाचेही कान बघून घेतले.

तो शोधत होता आपल्या दोन थोरल्या भावांना. नावं त्याला ठाऊक होती, एक बालुकू आणि दुसरा ब्वांबाले. तोंडं ठाऊक नव्हती.

आता नावं कशी ठाऊक, तर आमच्या कोंझो माणसांत पोराचं नाव ठेवायला कुणाला डोकं खाजवावं लागत नाही. पहिला मुलगा बालुकू, दुसरा ब्वांबाले, तिसरा मासेरेका. पुढच्यांचीही ठरलेली. मुलींचंही तसंच, दुसरी झाली की ती बीरा. मोजणी आईच्या कुशीची. बापाने चार संसार थाटले असले तरी प्रत्येक आईची मोजणी वेगळी. म्हणून एखादा "मी मासेरेका" म्हणाला की याच्या आईला आधी दोन मुलगे झालेत हे समोरच्याला न विचारता कळतं. आमच्या मासेरेकाचं घोडं इथेच पेंड खात होतं. त्याच्याकडे नाव होतं, पण नावामागची आई नव्हती.

त्याला वाढवलं बीरानं. तळ्याच्या काठी, मासळीच्या धक्क्यावर तिची मासे धुरवायची भट्टी. बाई उंच, हाडापेराने मजबूत, आणि तोंडाने अशी की पाणघोडासुद्धा तिच्या अंगणात शिरायला कचरावा. डोंगरात गोळीबार चालला होता त्या दिवसांत वरची माणसं ट्रक भरभरून खाली पळून आली. मिठाच्या तळ्याजवळच्या शाळेत त्यांना उतरवलं होतं. बीरा तिथे मासे घेऊन गेली, आणि येताना कडेवर हे पोर घेऊन आली. पोर दोन-अडीच वर्षांचं. हाक मारली तर बघायचं, पण तोंडातून शब्द नाही. वर्षभर बोललं नाही ते. बोलायला लागल्यावर त्याचा पहिला मोठा प्रश्न होता, "माझं नाव कुणी ठेवलं?"

"तुझ्याबरोबरच आलं," बीरा म्हणाली होती, आणि माशाची बाजू पलटायला वळली होती.

तो तिला मावशी म्हणायचा. 'आई' हा शब्द त्याने वर डोंगरात कुणासाठी तरी राखून ठेवला होता. बीरानं त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. मात्र तो क्यारुंब्याला निघाला की त्या दिवशी भट्टीवरच्या बाकीच्या बायकांची काही खैर नसायची.

पोर मोठं झालं आणि मुंगसांच्या कामावर लागलं. धक्क्यापलीकडच्या रानात पट्टेवाल्या मुंगसांच्या टोळ्या आहेत आणि त्यांच्यावर वर्षानुवर्षं अभ्यास चाललाय, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. पहिल्यांदा लोकांनी नावं ठेवली. शिकलेली माणसं मुंगसं मोजतात, यांना दुसरं काम नाही काय! मग त्या कामावर आमचीच माणसं लागली तशी ही टवाळी थांबली. मासेरेका सकाळी शीळ घालत रानात जायचा, की बाभळीखालून पंचवीस-तीस मुंगसं चिवचिवत त्याच्याकडे पळत यायची. दुधाच्या लालचीने एकेक जण तराजूवर चढायचं, वजन द्यायचं आणि उतरायचं. इतक्या शिस्तीत आमच्या धक्क्यावर कधी मासळीचा लिलाव झालेला नाही.

या मुंगसांची रीतच वेगळी. टोळीतल्या सगळ्या माद्या एकाच रात्री, एकाच बिळात वितात. पिल्लं एकात एक मिसळून जातात. कुणाचं कोणतं ते ना मादीला ठाऊक, ना पिल्लाला. जी येईल तिला पितात. महिनाभराने बाहेर आली की प्रत्येक पिल्लू टोळीतला एकेक मोठा धरतं आणि त्यालाच चिकटतं. आमचे लोक त्या मोठ्याला राखण्या म्हणतात. राखण्या त्याला किडे काढून देतो, घार आली की पोटाखाली घेतो, कसं खोदायचं ते दाखवतो. दुसरं पिल्लू जवळ आलं तर हेच पिल्लू त्याला चावून हाकलतं. पुष्कळदा राखण्या नर असतो, वयाने तरुण, स्वतःचं एकही पोर नसलेला.

"हा याचा बाप असेल," पहिल्या वर्षी मासेरेका डॉक्टर नामुगेरेंना म्हणाला होता. या बाई कामाच्या प्रमुख. बोलायला गोड, पण काम चुकलं तर डोळ्यांनीच भाजून काढायच्या.

"तसं वाटतं खरं," बाई म्हणाल्या. "शेपटीचा शेंडा पाठवू या, मग कळेल."

शेपटीचा शेंडा म्हणजे तीळभर कातडी. मुंगसाला पिंजऱ्यात धरायचं, झोपेचं औषध द्यायचं, कात्रीने एवढासा तुकडा कापून बाटलीत टाकायचा. त्यावरून लॅबमध्ये आई-बाप सापडतात. मासेरेकाचा हात या कामात हलका. निकाल आला तेव्हा त्या पिल्लाचा बाप दुसराच निघाला. राखण्याचं आणि पिल्लाचं रक्ताचं काहीच नव्हतं.

"मग हा येडा त्याला किडे का भरवतोय?" बरोबरचा कातुरामु म्हणाला. हा अंकोलेचा गडी, गाईंच्या देशातला. बोलण्याला बांध नाही.

"तेच तर शोधतोय आपण," नामुगेरेबाई म्हणाल्या. "कुणी जन्मभर दुसऱ्यांची पोरं सांभाळतं, कुणी ढुंकून बघत नाही. हे रक्तातून येतं का? की ज्याला लहानपणी चांगला राखण्या मिळाला तो पुढे चांगला राखण्या होतो? रक्त किती आणि संगत किती, हे वेगळं काढायचं तर आधी कोण कुणाचं ते पक्कं कळायला हवं."

मासेरेकाच्या डोक्यात त्यातलं एकच वाक्य घर करून बसलं. तीळभर कातडीवरून आई सापडते. मुंगसाला मिळतं ते मला का मिळू नये? त्याने एकदा धीर करून विचारलंसुद्धा, "मॅडम, माझं होईल का?" बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "होईल. पण समोर जुळवायला कुणीतरी लागतं, मासेरेका. नुसता तुझा तुकडा घेऊन काय करू?"

समोर कुणी नव्हतं, हेच तर दुखणं होतं. आणि ते दुखणं नुसतं मनाचं नव्हतं. काबुघो नावाची एक शिक्षिका होती धक्क्यावरच्या शाळेत. दोघांचं जमलं होतं. तिच्या बापाने मासेरेकाला बसवलं, चहा दिला आणि विचारलं, "कूळ कोणतं?" आमच्यात एकाच कुळात लग्न होत नाही, ते बहीण-भाऊ धरतात. मासेरेका म्हणाला, "माहीत नाही." म्हातारा वाईट नव्हता हो. कप खाली ठेवून म्हणाला, "पोरा, तू लाखात एक आहेस. पण तू तिचा भाऊ निघालास तर मी कुणाला तोंड दाखवू?" काबुघो पुढच्या सुट्टीत फोर्टपोर्टलला नांदायला गेली. मासेरेकाने त्यानंतर चहा सोडला तो सोडलाच.

आणि मग एका सकाळी रेडिओ बोलला.

आमच्याकडे रेडिओवर मयताच्या बातम्या लागतात, हरवलेल्या बकऱ्या लागतात, कुणाचं कपाट विकायचं असेल तर तेही लागतं. त्या दिवशी लागलं ते असं: क्यारुंब्याच्या वरच्या अंगाचे बालुकू आणि ब्वांबाले आपल्या धाकट्या भावाला, मासेरेकाला, शोधत आहेत. गोळीबाराच्या दिवसांत ट्रकमध्ये चढताना आईचा हात सुटला. आई म्हातारी झाली आहे, डोळे मिटण्याआधी तिला त्याला बघायचं आहे.

मासेरेका तेव्हा तराजू पुसत होता. तराजू तिथेच टाकून तो जो पळत सुटला तो थेट भट्टीवर. बीरानंही ऐकलं होतं. रेडिओ तिच्याच डोक्यावरच्या खुंटीला लटकत होता.

"मावशी! ऐकलंस?"

"कान शाबूत आहेत माझे."

"तेच असणार! ट्रक, गोळीबार, सगळं जुळतंय. दोघे थोरले आहेत गं, जिवंत आहेत!"

"मासेरेका काय एकच आहे डोंगरात? दगड फेकलास तर तीन मासेरेकांना लागेल."

"तुला आनंद नाही झाला?"

"झाला की." तिने भट्टीत लाकूड सारलं. "तो निळा सदरा घाल जाताना. हा मुंगसांच्या मुताचा वास मारतोय."

तो गेला. निळा सदरा घालून, बीरानंच बांधून दिलेले धुरवलेले मासे काखोटीला मारून. ज्या क्षणासाठी सारा जन्म बाजार धुंडाळला तो समोर आल्यावर माणसाला वाटतं मागे फिरावं, तसं त्याला चढ चढताना दहादा वाटलं.

केळीच्या बागेत घर होतं. म्हातारी अंगणात चटईवर बसली होती, डोळ्यांत पांढरं आलेलं. तिने त्याचा चेहरा हातांनी चाचपला, गाल, कपाळ, मान. कान चाचपताना मासेरेकाने श्वास रोखून धरला. म्हातारी तिथे थांबली नाही, तिला कानाचं काही विशेष वाटलं नाही. तिने त्याला छातीशी घेतलं आणि असा टाहो फोडला की शेजारच्या बागांतून माणसं धावत आली. मासेरेका मोकळेपणी रडला. एवढा मोठा बाप्या, पण त्याला कुणाची लाज वाटली नाही.

बालुकू मोठा शांत, कॉफीच्या झाडांमध्ये राबून वाकलेला. ब्वांबाले दुकानदार, तो जरा खाचाखोचा बघणारा. जेवताना तो सारखा मासेरेकाच्या उजव्या हाताकडे बघत होता.

"आमचा डावखुरा होता," ब्वांबाले म्हणाला.

"अरे, दोन वर्षांचं पोर कसलं डावखुरं?" बालुकूने त्याला गप्प केलं. "दोन्ही हातांनी चिखल खायचं ते."

मासेरेकाला त्या चिखलाचं इतकं कौतुक वाटलं की विचारता सोय नाही. आपण चिखल खाल्ला होता, आणि आपल्याला खाताना बघणारं कुणीतरी होतं! मग त्यानेच विषय काढला. "संशय नको कुणाच्या मनात. मी रोज हेच काम करतो, मुंगसांचं. गालाच्या आतून कापूस फिरवायचा, बस्स. आईचा आणि माझा."

"हे बरं बोललास," ब्वांबाले म्हणाला. त्याचा जीव भांड्यात पडलेला स्पष्ट दिसला.

निरोप घेताना बालुकू बागेच्या टोकापर्यंत पोचवायला आला. "सांभाळून उतर. पाऊस झालाय, माती निसरडी आहे." एवढंच म्हणाला तो. मासेरेकाच्या तोंडून आपसूक निघून गेलं, "हो, दादा." उतरताना तो शब्द तो पुन्हा पुन्हा तोंडात घोळवत राहिला.

नामुगेरेबाईंनी मोठ्या दवाखान्यातली लॅब सुचवली, म्हातारीला तिथवर मोटारीने नेलं, नमुने दिले. मग वाट बघणं आलं. वाट बघायला मासेरेकाला कुणी शिकवायची गरज नव्हती, पण या वेळची वाट वेगळी होती. बाजारात फिरताना आशा पातळ असते, सगळीकडे पसरलेली. आता ती एका फोनमध्ये येऊन गोळा झाली होती. फोन वाजला की तो हातातलं टाकून धावायचा, आणि पलीकडून कातुरामु म्हणायचा, "दूध संपलंय, येताना घेऊन ये."

बीरा त्या दिवसांत गप्प झाली होती. बायकांवर ओरडत नव्हती, हे बघून बायकाच घाबरल्या. एका सकाळी तिने विचारलं, "तिकडे राहायला जाशील?"

"अधूनमधून जाईन. आई आहे ती माझी."

"हं," बीरा म्हणाली. "जा, जायलाच पाहिजे."

रानात तेव्हा पिल्लं बाहेर आली होती. बाभळीच्या टोळीत एक बारकं पिल्लू एका शेपूटतुटक्या नराला चिकटलं होतं. एक दिवस टोळ्यांची मारामारी झाली आणि तो नर मारला गेला. मासेरेका पोचला तेव्हा टोळी पुढे निघून गेली होती. पिल्लू तिथेच, उकरलेल्या मातीजवळ, मोठमोठ्याने चिरकत होतं. राखण्या ऐकेल म्हणून चिरकत होतं. दुसरी मुंगसं मागे वळून आली, त्याला हुंगलं, एका मादीने मान धरून उचललं. ते सुटून परत तिथेच जाऊन बसलं. कामाचा नियम असा की आपण मध्ये पडायचं नाही, जे होईल ते बघायचं. मासेरेकाने नियम पाळला. संध्याकाळी पिल्लू टोळीमागे गेलं की नाही ते त्याला दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी वजनाला ते आलं नव्हतं.

फोन आला तो बालुकूचा. लॅबने निकाल त्याच्याकडे धाडला होता. "भेटायला ये," एवढंच तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजावरून मासेरेकाला कळायचं ते कळलं. तरी तो गेला. सबंध वाटेने मनाला सांगत गेला की बालुकू मुळातच कमी बोलतो.

निकाल असा होता की म्हातारी त्याची आई नव्हती. थोडीबहुत शंका ठेवावी तर तेवढीही जागा नव्हती. मासेरेकाने मुंगसांचे असे निकाल ढीगभर पाहिले होते, म्हणून त्याला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. ब्वांबालेसुद्धा मान खाली घालून बसला होता. म्हातारीने मात्र त्याचा हात सोडला नाही.

"माझा नाहीस तर नाहीस," ती म्हणाली. "माझा कुठे असेल कोण जाणे. कुणीतरी त्याला जेवू घातलं असेल, तुझ्या मावशीनं तुला घातलं तसं. एवढं झालं असलं तरी पुरे." मग ती थांबली. पांढरे डोळे त्याच्याकडे वळवून म्हणाली, "पण लेकरा, एक सांग. तू तेव्हा बोलत नव्हतास म्हणतोस."

"वर्षभर बोललो नाही, आई." हा शब्द त्याच्या तोंडून गेला आणि तो ओशाळला. "म्हणजे, आजी."

"राहू दे, काही बिघडत नाही. पण तू बोलत नव्हतास, बरोबर कुणी नव्हतं, मग तू मासेरेका आहेस हे त्या शाळेत सांगितलं कुणी?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मासेरेकाला पडला नव्हता, धक्क्यावर कुणालाच पडला नव्हता. कसा पडावा? आमच्यात नावाला कुणी पुरावा मागत नाही. मासेरेका म्हणजे तिसरा, संपलं. जमिनीला जमीन म्हणावं तसं आम्ही ते धरून चाललो होतो. डोळ्यांनी आंधळ्या बाईला ते दिसलं, आणि आम्ही डोळे असून ठार आंधळे!

म्हातारीने त्याच्याबरोबर केळीचा घड दिला. "तिला दे. आणि तिलाच विचार."

तो खाली उतरला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. बीरा भट्टीवर एकटीच होती. त्याने घड खाली ठेवला. तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावर आधी जे उमटलं तो आनंद होता. उघडा, निर्लज्ज आनंद. क्षणभरच. मग तिने पदराने तोंड पुसलं.

"नाही ना निघाले?"

"नाही." तो तिच्यासमोर बसला. "मावशी, माझं नाव मासेरेका आहे हे तुला कुणी सांगितलं?"

बीरानं एक मासा उचलला, परत ठेवला.

"मी तेव्हा बोलत नव्हतो. मग कुणी सांगितलं?"

"माणसं मोजायला आलेला तो बाबू विचारत होता," बीरा म्हणाली. "प्रत्येकाचं नाव विचारत होता. तू भांड्यांच्या ढिगाजवळ बसला होतास, नाक वाहत होतं. तो म्हणाला, हे कुणाचं? नाव काय? कुणी बोलेना. तो पुढे जायला निघाला, तुला सोडून. मी म्हटलं, मासेरेका. त्याचं नाव मासेरेका."

"मनातलं ठोकून दिलंस?"

"मनातलं कसं?" ती चवताळून म्हणाली. "नियमाने ठेवलं. माझा तिसरा तू."

"तिसरा कसा?"

"मला दोन झाले होते वर डोंगरात," बीरा म्हणाली. तिचा आवाज एवढा खाली त्याने कधी ऐकला नव्हता. "गोवर आला. एकाच आठवड्यात दोघेही गेले. नवऱ्याच्या आईने म्हटलं, हिची कूसच काळी आहे. मी खाली आले ती परत वर गेले नाही. इथे कुणाला सांगितलं नाही मी कधी बाळंत झाले होते म्हणून. मेलेल्याला मोजणीतून कुणी काढत नाही. म्हणून तू तिसरा."

"आणि मला सांगितलं नाहीस!" तो उठून उभा राहिला. "जन्मभर मी लोकांचे कान बघत हिंडलो, मावशी! खाटकाने चेष्टा केली. काबुघो गेली. रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येक माणसाला मी मनात दादा म्हणून बघितलं. तू एका शब्दाने थांबवू शकली असतीस!"

"काय सांगायला हवं होतं? की तुला नावच नाही? तू कुणाचा कितवाही नाहीस? असं पोर आपल्यात कधी ऐकलंयस तू?" तीही उभी राहिली, आणि तिचे डोळे भरून आले होते, ते तिने पुसले नाहीत. "मला वाटलं होतं, शोधून थकशील. तू थकलाच नाहीस. सदरा घालून निघायचास. आणि मी इथे बसून काय बघायचे? तू बाजारात माझीच पोरं शोधायला चाललायस. माझा बालुकू, माझा ब्वांबाले. मी मातीत घातलेले. आणि संध्याकाळी येऊन मलाच सांगायचास, नाही सापडले मावशी, पुढच्या वेळी सापडतील. माझं काय होत असेल रे तेव्हा?"

मासेरेकाचा राग कुठे गेला ते त्यालाच कळलं नाही. त्याच्या खऱ्या आईचं नाव त्याला कधीच कळणार नव्हतं, कुळाचं कोडं सुटणार नव्हतं, काबुघो परत येणार नव्हती. हे सगळं तसंच होतं आणि त्याने दुखायचं ते दुखतच होतं. पण दोन थोरले होते. खरोखरचे होते. एवढी वर्षं तो त्यांची नावं बरोबर घेत होता.

तो परत खाली बसला. बीराही बसली, जरा अंतर ठेवून. धूर दोघांच्या मधून तळ्याकडे जात होता.

"किती मोठे होते?" त्याने विचारलं.

"बालुकू पळायचा. ब्वांबाले नुकता उभा राहायला लागला होता." ती थांबली. "तू आलास तेव्हा बालुकू शाळेत जाता झाला असता. तुला पाठीवर घेऊन हिंडला असता. त्याला लहान पोरांचं फार. ब्वांबालेला एवढुश्या पाठीवर घ्यायचा आणि दोघेही पडायचे."

"पडायचे?"

"रोज पडायचे. आणि रडायचा तो बालुकूच. पाठीवरचा हसत असायचा." बीरा हसली, आणि हसताना तिचा आवाज फुटला. एवढ्या वर्षांत तिने त्यांचं नाव मोठ्याने घेतलं नव्हतं.

भट्टीवरचे मासे एका बाजूने करपायला लागले होते. वास दोघांनाही येत होता, पण उठलं कुणी नाही. मासेरेका जरा पुढे सरकला.

"आणि ब्वांबाले?" तो म्हणाला. "तो कसा होता? सांग ना."